मामांना किती वेळ लागला?

कॉलेजच्या लायब्ररीतला एक सीन तुमच्या ओळखीचा असेल. तुम्ही काउंटरवर स्लिप देता. मामा ती वाचतात, एक उसासा टाकतात आणि आत स्टॅकच्या दिशेनं चालू लागतात. पाच मिनिटं जातात, दहा जातात, मागची रांग कुरकुरायला लागते. पण एखाद्या दिवशी तुम्ही पुस्तकाचं नुसतं नाव घेता आणि मामा खाली वाकून काउंटरखालूनच पुस्तक काढून तुमच्यासमोर ठेवतात. तीन सेकंदांत काम फत्ते.

त्या तीन सेकंदांत पुस्तक तर मिळालंच, पण आणखी एक गोष्ट तुम्हाला फुकटात कळली. हे पुस्तक नुकतंच कुणीतरी मागितलं होतं, म्हणून ते अजून स्टॅकमध्ये परत गेलेलं नव्हतं. आता समजा रांगेत तुमच्या आधी एकच मुलगी उभी होती. म्हणजे ती काय वाचत होती तेही तुम्हाला कळलं. तिनं सांगितलं नाही, मामांनी सांगितलं नाही, रजिस्टर तुम्ही उघडलं नाही. तुम्ही फक्त घड्याळ पाहिलंत.

मामांच्या जागी तुमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर ठेवा. आज ज्या प्रकाराबद्दल लिहायचंय तो हाच. त्याला म्हणतात टायमिंग अटॅक. यात कुलूप फोडलं जात नाही, पासवर्ड चोरला जात नाही, व्हायरसची फाइल सापडत नाही. कुठल्या कामाला किती वेळ लागला एवढंच मोजलं जातं आणि त्यावरून गुपित बाहेर काढलं जातं. मी मास कॉमची विद्यार्थिनी आहे, सर्किटशी माझा संबंध फ्यूज उडाला की येतो तेवढाच. तरीही हा विषय मला फक्त कॉम्प्युटर ब्रँचवाल्यांवर सोडून द्यावासा वाटत नाही. का, ते पुढे येईलच.

आधी थोडी आकडेमोड. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर एका सेकंदाला ३ अब्ज ठोके टाकतो. त्याला लागणारा डेटा रॅममध्ये असतो, पण रॅम त्याच्या मानानं फारच सुस्त. म्हणून प्रोसेसरच्या पोटातच एक छोटी, महागडी आणि अतिवेगवान मेमरी ठेवलेली असते. ती म्हणजे कॅशे. (उच्चार 'कॅश'च, पण रोख रकमेशी गोंधळ नको म्हणून इथे कॅशे लिहितेय.) नुकतं वापरलेलं सगळं या काउंटरखालच्या कप्प्यात राहतं. सगळ्यात जवळच्या कॅशेमधून डेटा यायला चार-पाच ठोके लागतात, रॅममधून आणायचा तर साधारण दोनशे ते तीनशे. एक ठोका म्हणजे एक सेकंद असं धरलं, तर कॅशेतली वस्तू पाच सेकंदांत हातात येते आणि रॅममधली यायला चार-पाच मिनिटं. हुबेहूब मामांसारखंच. आणि हा फरक मोजणं अवघड नाही, कारण ठोके मोजायची सोय प्रोसेसर स्वतःच प्रोग्रामला देतो.

'वेळेवरून गुपित' ही कल्पना खूप जुनी आहे. सत्तरच्या दशकात टेनेक्स नावाची एक ऑपरेटिंग सिस्टिम होती. ती पासवर्ड एकेक अक्षर करून तपासायची आणि पहिलं चुकीचं अक्षर दिसलं की तिथेच थांबायची. कुणाच्या तरी लक्षात आलं की आपला अंदाज मेमरीच्या दोन पानांच्या सीमेवर असा ठेवायचा, की पहिलं अक्षर एका पानावर आणि बाकीची पुढच्या पानावर. पुढचं पान मुद्दाम मेमरीबाहेर. पहिलं अक्षर बरोबर असेल तर सिस्टिम पुढचं पान आणायला जाते, चूक असेल तर जात नाही. म्हणजे एकेक अक्षर सुटं करून पकडता येतं. याचा हिशोब किती भयंकर आहे बघा. आठ आकडी पिनचे १० कोटी पर्याय होतात. पण एकेक आकडा वेगळा पकडता आला, तर जास्तीत जास्त ८० प्रयत्नांत खेळ खलास.

मग १९९६ साली पॉल कोचर नावाच्या अमेरिकन तरुणानं एक शोधनिबंध सादर केला. वय बाविशी-तेविशीतलं, स्टॅनफर्डमधून डिग्री घेतलेली आणि तीही बायोलॉजीत. (जनावरांचा डॉक्टर व्हायचं त्याच्या डोक्यात होतं. आपल्याकडे असं काही घरी सांगून बघा.) आरएसएसारख्या गणिती कुलपांना तोडायला संगणकाला युगं लागतील असं सगळे म्हणत होते. कोचरनं कुलपाला हातच लावला नाही. कुलूप उघडायला किल्लीला किती वेळ लागतो ते मोजलं. किल्लीतला एखादा बिट १ असेल तर एक गुणाकार जास्त करावा लागतो, ० असेल तर नाही. जास्त गुणाकार म्हणजे जास्त वेळ. पुरेशी मोजमापं घेतली की किल्ली आपोआप उलगडत जाते. गणित निर्दोषच होतं, गणित करणारं यंत्र मात्र चेहऱ्यावरचे भाव लपवू शकत नव्हतं.

तरी बरीच वर्षं अनेकांना वाटायचं की हे समोर ठेवलेल्या मशीनपुरतं आहे, इंटरनेटवरून इतका बारीक वेळ कोण मोजणार? २००३ मध्ये डेव्हिड ब्रमली आणि डॅन बोने यांनी नेटवर्कच्या पलीकडच्या सर्व्हरची किल्ली काढून दाखवली आणि तो गैरसमजही संपला.

आता परत लायब्ररीत या, कारण खरी गंमत तिथे आहे. नुसतं वाट बघत बसण्यापेक्षा हुशार चोर काय करेल? तो आधी मामांना म्हणेल, 'काउंटरखालचं हे पुस्तक स्टॅकमध्ये ठेवून या.' मग थोडा वेळ थांबेल आणि तेच पुस्तक परत मागेल. पटकन मिळालं तर मधल्या वेळात कुणीतरी ते वापरलं. उशीर लागला तर नाही वापरलं. या युक्तीचं नाव फ्लश अँड रीलोड. २०१४ मध्ये ॲडलेड विद्यापीठाच्या युवल यारोम आणि कॅट्रिना फॉकनर यांनी ती मांडली. 'पुस्तक परत ठेवून या' हा आदेश इंटेलच्या प्रोसेसरवर कुठलाही साधा प्रोग्राम देऊ शकतो, त्याला ॲडमिनची परवानगी लागत नाही. त्यांनी जीएनयूपीजी या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरवर प्रयोग केला. प्रोग्रामनं गुणाकाराचा कोड कधी वापरला आणि कधी नाही, एवढंच ते कॅशेमधून बघत होते. एकदाच सही होताना पाहिली आणि गुप्त किल्लीचे सरासरी ९६.७ टक्के बिट हातात आले. आणि चोर-सावज एकाच कोअरवर असायलाही नको होते. शेजारच्या कोअरवर बसूनही चालत होतं, कारण शेवटचा मोठा कॅशे सगळ्यांचा सामायिक असतो.

'सामायिक' या शब्दावर जरा थांबूया. आपण क्लाउड म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर ढग येतो, प्रत्यक्षात ती कुठल्यातरी थंडगार इमारतीतली मशीन्स असतात. एकाच मशीनवर अनेक गिऱ्हाइकं भाड्यानं राहतात. मधल्या भिंती सॉफ्टवेअरच्या, जिना आणि पाण्याची टाकी सगळ्यांची एकच. चाळीत राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. शेजारच्या घरात पाहुणे आलेत हे कळायला दार उघडून बघावं लागत नाही, सकाळी टाकीतलं पाणी किती लवकर संपतं त्यावरून कळतं. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये हवं त्या गिऱ्हाइकाच्या शेजारी जाऊन बसता येतं, हे २००९ मध्येच संशोधकांनी दाखवलं होतं. तुमचे फोटो, कॉलेजच्या पोर्टलवरचे मार्क, फीच्या पावत्या यातलं काय कुठल्या मशीनवर, कुणाच्या शेजारी आहे, हे ना तुम्हाला माहीत ना मला.

इथवर निदान एक दिलासा होता. या सगळ्यात फक्त कुणी काय 'वापरलं' ते कळायचं, पुस्तकात काय लिहिलंय ते नाही. २०१७ साली तोही गेला.

झालं असं की वेगाच्या हव्यासापायी प्रोसेसर अंदाज बांधायला शिकले. रॅममधून उत्तर यायला तीनशे ठोके लागणार, तोवर रिकामं कशाला बसायचं? बहुतेक असंच होईल असं धरून पुढची कामं उरकून टाकायची. अंदाज बरोबर निघाला तर वेळ वाचला, चुकला तर केलेलं सगळं पुसून मागे यायचं. तुमचा नेहमीचा टपरीवाला तुम्ही लांबून येताना दिसलात की कटिंग ओततो ना, तसंच. याला स्पेक्युलेटिव्ह एक्झिक्युशन म्हणतात. १९९५ नंतरचे इंटेलचे जवळपास सगळे प्रोसेसर या पद्धतीनं कामं पुढेमागे करतात. पुसून टाकलं की झालं, असं सगळे धरून चालले होते. पण टपरीवाल्याचा ग्लास गरम राहतोच की.

पुन्हा मामा. समजा लायब्ररीतच एक सीलबंद कपाट आहे आणि त्यात रिझल्टची पाकिटं आहेत. पाकीट बघायला रजिस्ट्रारची परवानगी लागते, पण रजिस्ट्रार सावकाश उत्तर देतात आणि मामा आता भलतेच चपळ झालेत. तुम्ही म्हणता, 'मामा, अमक्याच्या पाकिटातला शेवटचा आकडा बघा आणि त्या नंबरचा मराठी विश्वकोशाचा खंड काढून ठेवा.' परवानगी येईलच असं धरून मामा पाकीट बघतात, त्यात ७ असतो, सातवा खंड काढून काउंटरखाली ठेवतात. तेवढ्यात रजिस्ट्रार ओरडतात, 'परवानगी नाही!' मामा प्रामाणिक माणूस. पाकीट परत कपाटात, तोंडावर बोट, तुम्हाला एक शब्द सांगत नाहीत. तुम्ही म्हणता, 'बरं मामा, राहू दे. मला विश्वकोशाचा पहिला खंड द्या.' दहा मिनिटं. दुसरा? दहा मिनिटं. सातवा? तीन सेकंद.

हे मेल्टडाउन. तपशील सोपा करून सांगितलाय, पण गाभा एवढाच आहे. परवानगी नाकारली गेली, नियम पाळला गेला, तरी गुपित फुटलं, कारण पुसताना काउंटरखालचा खंड परत ठेवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. संशोधकांनी या पद्धतीनं ऑपरेटिंग सिस्टिमच्या राखीव मेमरीतून सेकंदाला ५०० केबीच्या आसपास डेटा वाचून दाखवला. त्याचं भावंडं स्पेक्टर. त्यात मामांना आधी चुकीची सवय लावली जाते. शंभर वेळा बरोबर स्लिप द्यायची, मामांचा विश्वास बसला की एकशे एकाव्या वेळी भलतीच. मेल्टडाउनचा फटका मुख्यतः इंटेलला बसला. स्पेक्टर मात्र इंटेल, एएमडी आणि मोबाइलमध्ये असतात ते आर्म, तिघांनाही.

गुगलच्या प्रोजेक्ट झीरो टीममधल्या यान हॉर्ननं हे शोधलं तेव्हा त्याचं वय २२. इंटेलची हजारो पानांची मॅन्युअल्स तो बसून वाचत होता. (आपण पेपरच्या आदल्या रात्री 'ट्वेंटी वन अपेक्षित' वाचतो.) १ जून २०१७ ला त्यानं कंपन्यांना कळवलं. काही महिन्यांनी ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या तांत्रिक विद्यापीठात डॅनियल ग्रुस, मोरित्झ लिप आणि मायकेल श्वार्त्झ वेगळ्या वाटेनं तिथेच पोहोचले. ग्रुसनं आपल्याच संगणकावर प्रोग्राम चालवला आणि फायरफॉक्समध्ये उघडलेल्या त्याच्या खासगी पत्त्यांची यादी स्क्रीनवर उतरू लागली. आपला कोड चालला याचा आनंद व्हावा की आपल्या मशीनमध्ये भिंतच नाही याची भीती वाटावी, असा तो क्षण असणार. स्पेक्टरच्या शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं आहे? पॉल कोचर. २२ वर्षांनी तोच माणूस, तेच घड्याळ.

९ जानेवारी २०१८ ला सगळं जाहीर करायचं ठरलं होतं. त्याआधीच बातमी फुटली आणि ३ जानेवारीला घाईघाईनं जाहीर करावं लागलं. त्यानंतरचे काही आठवडे म्हणजे नुसता गोंधळ. अमेरिकेतल्या सर्ट समन्वय केंद्रानं सुरुवातीच्या सूचनेत उपाय म्हणून लिहिलं, प्रोसेसर बदला. जगभरातल्या लोकांनी प्रोसेसर बदलून कुठला घ्यायचा, याचं उत्तर अर्थातच नव्हतं. सूचना नंतर बदलली गेली. मायक्रोसॉफ्टच्या पॅचमुळे एएमडीचे काही संगणक सुरूच होईनात. इंटेलच्या अपडेटनं काही मशीन्स आपोआप रीस्टार्ट होऊ लागल्या, तेव्हा ते अपडेट थांबवा असं इंटेललाच सांगावं लागलं.

आणि आता माझा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहितेय. या दुरुस्तीची किंमत कुणी मोजली?

चिपमधलं लोखंड बदलता येत नाही, त्यामुळे उपाय म्हणजे सॉफ्टवेअरनं मामांना थोडं हळू करणं. अंदाज कमी बांधा, प्रत्येक वेळी काउंटर साफ करा, दोन प्रोग्राममध्ये भिंत जाड करा. प्रत्येक उपायानं थोडा वेग जातो. जानेवारी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनंच स्पष्ट केलं की नव्या मशीनवर फरक फारसा जाणवणार नाही, पण २०१५च्या काळातल्या किंवा त्याहून जुन्या प्रोसेसरवर, विशेषतः जुन्या विंडोजवर, मंदी चांगलीच कळेल. म्हणजे ज्याच्याकडे नवा लॅपटॉप आहे त्याला सूट आणि ज्याच्याकडे दादाचा जुना लॅपटॉप आलाय त्याला दंड. २०१९ मध्ये झोंबीलोड आलं, तेव्हा ॲपलनं सांगितलं की पूर्ण संरक्षण चालू केलं तर वेग ४० टक्क्यांपर्यंत घटू शकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये डॅनियल मोघिमी यानं शोधलेलं डाउनफॉल जाहीर झालं. ते कंपनीला कळवून तोवर जवळपास वर्ष झालं होतं. इंटेलच्या सहाव्यापासून अकराव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर त्यात सापडले आणि काही विशिष्ट कामांत वेग ५० टक्क्यांपर्यंत घटू शकतो, असं इंटेलनंच मान्य केलं. २०२४ मध्ये गोफेच आलं, तेव्हा ॲपलच्या एम १ आणि एम २ चिप्सचीही पाळी आली.

सहावी ते अकरावी पिढी. जरा हॉस्टेलच्या आपल्या मजल्यावर एक फेरी मारा. सेकंडहँड बाजारातून, ऑफिसांनी मोडीत काढलेल्या मालातून घेतलेले जे लॅपटॉप दिसतील त्यांचे स्टिकर वाचा.

मला कंपन्यांवर 'मुद्दाम केलं' असा आरोप करायचा नाही. वीसेक वर्षं जगातल्या हुशार लोकांना हे दिसलं नाही हे खरंच आहे. पण वेग विकताना जाहिरातीत बेंचमार्कचे आकडे ठळक टाइपात येतात. पॅच आल्यावर ते आकडे कुणी बदलून छापत नाही. गाडीचं ॲव्हरेज २० सांगून विकली आणि सर्व्हिसिंगनंतर ते कायमचं १५ झालं, तर आपले बाबा शोरूममध्ये जाऊन काय बोलतील? लॅपटॉपच्या बाबतीत आपण चकार शब्द काढत नाही, कारण वेग कुठे गेला हेच कळत नाही. आपण म्हणतो 'जुना झालाय'. लॅपटॉप विकणाऱ्यानं दोन गोष्टी खोक्यावर छापायला हव्यात, असं माझं मत आहे. आजवरचे सगळे पॅच लावून वेग किती, आणि या प्रोसेसरला सुरक्षेची अपडेट्स कोणत्या वर्षापर्यंत मिळणार. टूथपेस्टच्या ट्यूबवर एक्सपायरी असते. पन्नास हजारांच्या वस्तूवर का नको?

यावर तुम्ही म्हणाल, आणि माझ्या ग्रुपमध्ये सगळे म्हणालेच, की 'माझ्या लॅपटॉपमध्ये चोरण्यासारखं आहे काय? अर्धवट जर्नल आणि गोव्याचे फोटो.' या प्रश्नातलं अर्धं मला पटतं. तुम्हाला लुटायचं असेल तर कुणी कॅशेचे ठोके मोजत बसणार नाही. 'तुमचं पार्सल अडकलंय' अशी एक लिंक पाठवली की काम होतं. एखादा सायबर कॅफेवाला मेल्टडाउनची भीती घालून तुम्हाला अँटीव्हायरस विकत असेल तर त्याला नमस्कार करून पुढे जा.

पण उरलेलं अर्धं पटत नाही. एकतर हे हल्ले वेबपेजमधूनही होऊ शकतात. २०२१ मध्ये गुगलनं स्वतःच, ब्राउझरमधल्या साध्या जावास्क्रिप्टनं स्पेक्टर चालवून सेकंदाला एक केबी डेटा गळतो, हे सगळ्यांसमोर करून दाखवलं. केबी ऐकायला चिल्लर वाटतो, पण पासवर्ड असतो किती मोठा? म्हणूनच २०१८च्या जानेवारीत ब्राउझर कंपन्यांनी एक अजब उपाय केला. त्यांनी वेबपेजला मिळणारं घड्याळच बोथट केलं. फायरफॉक्सनं ते २० मायक्रोसेकंदांवर आणलं, म्हणजे त्याहून बारीक वेळ पेजला दिसणारच नाही. मामांना किती वेळ लागला ते कळू नये म्हणून लायब्ररीतलं घड्याळ उतरवून ठेवल्यासारखं. हा उपाय पुरेसा नव्हताच. मग क्रोमनं प्रत्येक साइटला वेगळ्या खोलीत बसवलं आणि बदल्यात तुमची रॅम जास्त खाल्ली. 'क्रोम किती रॅम खातो यार' हे मीम तुम्हीही फॉरवर्ड केलं असेल. त्यातले काही घास या कारणासाठी आहेत.

दुसरं, तुमचं चोरण्यासारखं जे काही आहे ते तुमच्या लॅपटॉपवर नाहीच. ते दुसऱ्यांच्या मशीनवर आहे आणि तिथलं अपडेट तुमच्या हातात नाही. तिथे कुणीतरी आपल्यासारखाच 'रिमाइंड मी लेटर' दाबत बसला नसेल, एवढीच आशा करायची. आता सांगा, उद्या तो 'कुणीतरी' कोण असणार? आज तुमच्या शेजारच्या बेंचवर बसलेली मुलगी किंवा मुलगा. आपल्या राज्यातून दरवर्षी केवढे इंजिनीअर बाहेर पडतात, त्यातले कितीतरी कुणाच्या ना कुणाच्या सर्व्हरची देखभाल करायलाच जातात.

म्हणून कॉलेजांशी माझं भांडण आहे. कॉम्प्युटरच्या मैत्रिणीला विचारलं तर कॅशे हिट, कॅशे मिस, मॅपिंगचे प्रकार, सगळं तिला तोंडपाठ. आकृतीसकट सहा मार्कांचं उत्तर. पण हिट आणि मिसमधला फरक कुणी बाहेरून मोजू शकतं, हे तिला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. पासवर्ड तपासताना पहिल्या चुकीच्या अक्षराला थांबू नका, शेवटपर्यंत जा, नेहमी सारखाच वेळ घ्या, हेही नाही. आपल्याला शिकवतात तो कोड फास्ट कसा करायचा. सुरक्षेचा कोड मुद्दाम सारख्याच चालीनं चालावा लागतो, घाई केली की बोलून जातो. एका लेक्चरचं काम आहे हे, आणि दोन स्लिपा आणि एक स्टॉपवॉच घेऊन लायब्ररीतही शिकवता येईल.

माणसं आपल्याकडे नाहीत असंही नाही. चेस्टर रेबेरो, देबदीप मुखोपाध्याय आणि सारणी भट्टाचार्य यांचं टायमिंग चॅनेल्सवरचं पुस्तक २०१४ मध्ये आलं, म्हणजे मेल्टडाउन जाहीर होण्याच्या बऱ्याच आधी. आयआयटी खरगपूरच्या मुखोपाध्याय यांना २०२१चं शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळालं. आता तर आपण स्वतःचे प्रोसेसरही बनवतोय. आयआयटी मद्रासचा शक्ती आहे, सीडॅकचा वेगा आहे, आणि सीडॅकचं मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे. या घराण्यांतल्या साध्या चिप्स कामं रांगेतच करतात, फार पुढचे अंदाज बांधत नाहीत, त्यामुळे स्पेक्टरच्या जातीचा धोका तिथे कमी. पण उद्या त्यांना मोठ्या स्पर्धेत उतरायचं झालं की 'आणखी फास्ट करा' हा दबाव येणारच. त्या टेबलवर बसलेल्या एकानं तरी 'पण काउंटरखालचं पुस्तक परत कोण ठेवणार?' हे विचारावं.

लेख लिहायला घेतला त्या रात्री मी आधी स्वतःच्याच रूममध्ये बघायचं ठरवलं. रूममेटचा लॅपटॉप सेकंडहँड, आठव्या पिढीचा, वर लिनक्स टाकलेलं. टर्मिनल उघडून एलएससीपीयू एवढंच टाइप केलं. शेवटी प्रोसेसरच्या दुखण्यांची लांबलचक यादी येते. मेल्टडाउन, स्पेक्टर, एकेकासमोर 'मिटिगेशन' लिहिलेलं, काहींसमोर 'नॉट अफेक्टेड'. एका ओळीत 'गॅदर डेटा सॅम्पलिंग' होतं, डाउनफॉलचं हे कागदोपत्री नाव. त्यासमोर लिहिलं होतं, 'व्हल्नरेबल: नो मायक्रोकोड'. पॅच येऊन किती काळ लोटला होता आणि हा लॅपटॉप रोज तिच्या यूपीआयपासून स्कॉलरशिपच्या फॉर्मपर्यंत सगळं करत होता. मायक्रोकोडचं पॅकेज टाकलं, काही एमबींची फाइल, हॉस्टेलच्या वायफायवरसुद्धा दोन मिनिटांत उतरली. रीस्टार्ट केला. तीच कमांड परत दिली. आता तिथे 'मिटिगेशन: मायक्रोकोड' होतं.

ती माझ्या खांद्यावरून बघत होती. पहिला प्रश्न तिनं विचारला, 'आता स्लो होणार का गं हा?'

थोडा होईल कदाचित, मी म्हणाले. मग दोघींनी मिळून तिचा प्रोजेक्ट उघडला आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं.